मराठी जालाची उसनवारी

मायबोली, मनोगत, मिसळपाव, उपक्रम, ऐसी अक्षरे. या पाच मराठी संकेतस्थळांवरच्या कुठल्याही जुन्या लेखाचा दुवा मिळवा आणि वर पत्त्याच्या पट्टीत पाहा. फोनवर पत्ता अर्धाच दिसतो, त्यावर बोट ठेवलं की पूर्ण उघडतो. आधी संकेतस्थळाचं नाव, मग एक तिरकी रेघ, मग 'नोड' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे एक आकडा. पाची ठिकाणांचे मालक वेगळे, सदस्य वेगळे, भांडणाचे विषयही बऱ्यापैकी वेगळे. एका ठिकाणी शुद्धलेखनाचा आग्रह, तर दुसऱ्या ठिकाणी त्या आग्रहाचीच चेष्टा. तरी सगळ्यांच्या दारावर ही एकच पाटी आहे.

याचं कारण असं, की पाचही घरं एकाच सामानातून उभी राहिली. त्या सामानाचं नाव ड्रुपल. मराठी माणसांनी ते लिहिलेलं नाही, विकतही घेतलेलं नाही. कुणीतरी परदेशात बनवलं आणि मोकळं ठेवलं, ते यांनी उतरवून घेतलं, आपल्या मापाने कापलं आणि बसवलं.

मी करमाळ्यात राहतो आणि वेबसाइट बनवून पोट भरतो. आमच्या तालुक्यात पतसंस्था आहेत, शाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत, रोपवाटिका आहेत आणि कंदरकडचे केळी निर्यात करणारे आहेत. या सगळ्यांना अधूनमधून वेबसाइट हवी असते. यातली एकही मी कोऱ्या पानापासून सुरू करत नाही. तयार थीम, तयार फॉर्म, तयार फॉण्ट, नकाशा गूगलचा. एकदा एका दुकानदार काकांनी सरळच विचारलं, "हे सगळं फुकटात उतरवून घेता येतं म्हणे. मग तू पैसे कशाचे घेतोस रे?" मी म्हटलं, "काका, वीट भट्टीवरची, सिमेंट कंपनीचं, मग गवंड्याला मजुरी कशाची देता?" ते म्हणाले, "गवंडी वीट उचलतो तरी. तू तर खुर्चीत बसलेला असतोस."

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खरा आहे. उसन्या सामानातून केलेलं काम कितपत आपलं? मराठी लेखन इंटरनेटवर आलं त्याच्या इतिहासात शिरलं, की हा प्रश्न पावलोपावली भेटतो.

ड्रुपलपासूनच सुरू करू. साल २०००. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात ड्रिस बायटार्ट नावाचा विद्यार्थी वसतिगृहात राहत होता. मित्रांमध्ये इंटरनेटची एकच जोडणी वाटून घेतलेली. नेट चालू आहे का, आज जेवायला कुठे जमायचं, असले निरोप टाकायला त्याने एक छोटा फलक बनवला. शिक्षण संपल्यावर मंडळी पांगली, तेव्हा संपर्क राहावा म्हणून हा फलक इंटरनेटवर टाकायचं ठरलं. त्यासाठी नाव नोंदवायचं होतं 'डॉर्प', म्हणजे डच भाषेत गाव. टंकताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि 'ड्रॉप' झालं, म्हणजे थेंब. तेच बरं वाटलं म्हणून राहू दिलं. पुढे जानेवारी २००१ मध्ये त्याने त्यामागचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा थेंबाच्या डच शब्दावरून त्याचं नाव ड्रुपल पडलं. म्हणजे गाव बसवायला निघालेल्या पोराच्या हातून थेंब पडला, आणि काही वर्षांनी त्या थेंबावर मराठीत चार-पाच गावं वसली.

मनोगत २००४ साली आलं. उपक्रम आणि मिसळपाव २००७ साली. ऐसी अक्षरे २०११ साली. मायबोली या सगळ्यांत थोरली, १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत सुरू झालेली. तेव्हा ड्रुपल जन्मालाही यायचं होतं. तिचं आधीचं घर वेगळं होतं, ड्रुपलवर ती मागाहून आली.

या लोकांनी उसन्या घरात काय केलं ते बघण्यासारखं आहे. ड्रुपल इंग्रजीत बोलत होतं, त्याला त्यांनी मराठी बोलायला लावलं. लेखाखालचे अभिप्राय 'प्रतिसाद' झाले. खासगी संदेशाचा 'व्यक्तिगत निरोप' झाला आणि लोकांनी त्याचा लगेच 'व्यनि' केला. "तुम्हाला व्यनि केला आहे" हे वाक्य त्या पिढीच्या कितीतरी मैत्रीचं आणि काही भांडणांचंही पहिलं वाक्य असेल. सदस्याच्या पानावर कुणीही येऊन चार ओळी लिहाव्यात अशी जागा होती, तिला 'खरडवही' हे नाव मिळालं. मला हा शब्द फार आवडतो. मूळ इंग्रजी सोयीत पाहुण्यांनी सही करण्याचा भाव आहे. खरडवहीत पाय पसरून बसता येतं.

पण ही मंडळी मराठीत टंकत होती हेच त्या काळात मोठं होतं. त्याआधीची स्थिती आज स्मार्टफोनवर वाढलेल्यांना सांगितली तर थट्टा वाटेल.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं. त्यानंतरची सात-आठ वर्षं पडद्यावर मराठी दिसायची ती एका युक्तीने. संगणकाच्या पोटात साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉण्ट बनवणाऱ्याने त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा चितारलेला असायचा: कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा 'त'. तो फॉण्ट तुमच्याकडे असेल तर मराठी दिसायची, नसेल तर उलटसुलट चिन्हांची खिचडी. त्यात प्रत्येक कंपनीचा तुकडे मांडण्याचा क्रम निराळा. एका फॉण्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की कचरा. वर्तमानपत्रांच्या साइटवर बातमी वाचण्याआधी त्यांचा फॉण्ट उतरवून घ्यावा लागे, आणि एका पेपरचा फॉण्ट दुसऱ्या पेपरला चालत नसे.

हीसुद्धा उसनवारीच होती. इंग्रजीसाठी आखलेली घरं आपण मराठीसाठी वापरत होतो, आणि छपाईपुरती ती युक्ती चोख चालायची. पत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक सगळं त्यावर निघालं. अडलं ते पुढे. शोधयंत्राला त्यात मराठी शब्द सापडायचा नाही, कारण तो तिथे नव्हताच. अकारविल्हे लावता यायचं नाही. आणि फॉण्टची कंपनी बंद पडली किंवा नवा संगणक घेतला, की जुन्या फायली मुक्या. माझ्याकडे आजही कुणीतरी एखाद्या संस्थेच्या जुन्या स्मरणिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन येतं आणि विचारतं, यातलं मराठी साइटवर टाकता येईल का. कधी फॉण्ट ओळखता येतो आणि मजकूर पालटून मिळतो. कधी सगळी स्मरणिका पुन्हा टंकावी लागते.

यातून सोडवलं ते युनिकोडने. आणि युनिकोडची गोष्ट उसनवारीची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

भारतीय लिप्या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी बहुतेकींचा सांगाडा ब्राह्मीचा. क, ख, ग, घ हा क्रम सगळीकडे तोच. हे ओळखून १९८० च्या दशकात आपल्याकडे इस्की नावाचं प्रमाण तयार झालं. त्यात 'क' साठी एकच जागा ठरवली, मग लिपी मराठीची असो की बंगालीची. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तेव्हा तिने भारतीय लिप्यांची मांडणी नव्याने न करता १९८८ च्या इस्कीचा हा आराखडा उचलला आणि प्रत्येक लिपीला १२८ घरांची एकेक चाळ दिली. आजही देवनागरी 'क' पासून १२८ घरं पुढे मोजा, बंगाली 'क' येईल. आणखी १२८ पुढे गुरुमुखी 'क', आणखी १२८ पुढे गुजराती 'क'. एकाच नकाशावर बांधलेल्या चाळी. त्या नकाशात काही दोष आहेत, भाषातज्ज्ञ त्याबद्दल कुरकुरतात, पण एकदा पाया घातल्यावर चाळ पाडून बांधता येत नाही.

युनिकोडची अक्षरं पडद्यावर दिसायला फॉण्ट लागतो. विंडोज २००० मध्ये तो 'मंगल' या नावाने आला. त्यामागे र. कृ. जोशी यांचा हात होता, सुलेखनात आयुष्य घातलेला माणूस. विंडोज एक्सपीवर मात्र मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग ते विंडोजची सीडी मागे. नेट कॅफेवाल्याकडे ती सीडी असेल याची खात्री नसायची. असली तरी तो ती द्यायला राजी असेल, याची तर त्याहून कमी.

दिसण्याची सोय झाली तरी टंकायचं कसं, हा प्रश्न उरला. मराठी कळफलक येणारे लोक किती? इथे ओंकार जोशी यांच्या 'गमभन' सारख्या सोयी कामाला आल्या. रोमन अक्षरांत टंकत जायचं आणि त्याच चौकटीत देवनागरी उमटत जायची. संगणकावर वेगळं काही बसवायची गरज नाही. गमभन एका साइटपुरतं राहिलं नाही, ज्याला हवं त्याला ते आपल्या साइटवर बसवता आलं. अमेरिकेत, दुबईत, पुण्यात, सोलापुरात बसलेली माणसं दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या इंग्रजी कळफलकावर मराठी लिहू लागली ती असल्या सोयींमुळे.

आता हिशेब मांडून पाहा. पाया इस्कीचा आणि युनिकोडचा, भिंती बेल्जियमच्या विद्यार्थ्याच्या, अक्षरं दुसऱ्याच्या हातची, टंकायची सोय तिसऱ्याची. वर मजकूर आपला. यात नवल वाटू नये. छपाईतही हेच झालं होतं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्याआधीपासून ते टाइप ओतत होते, आणि निर्णयसागरचे सुबक खिळे पुढे इतर छापखान्यांतही गेले. त्या खिळ्यांनी छापलेल्या पुस्तकाला कुणी उसनं म्हटलं नाही.

आमच्या गावातलंच उदाहरण द्यायचं तर कमलाभवानीचं मंदिर. ते १७२७ मध्ये रावराजे निंबाळकरांनी बांधलं असं सांगतात. देवी तुळजाभवानीचं दुसरं ठाणं मानली जाते. बांधणीत हेमाडपंती वळण आहे आणि प्रवेशद्वारं बघितली की दक्षिणेतली गोपुरं आठवतात. दीपमाळा मात्र थेट आपल्याकडच्या. खांब ९६, विहिरीच्या पायऱ्या ९६, ओवऱ्या ९६, असं गावात कुणीही सांगेल. त्या आकड्याचा संबंध कुणी शहाण्णव कुळांशी जोडतं. मला धंद्यामुळे त्यात दुसरंच दिसतं. कारागिरांकडे खांब कसा घडवायचा, कमान कशी तोलायची, शिखर कसं चढवायचं याचे ठरलेले तोडगे होते. ते इकडून तिकडून आले, करमाळ्यात एकत्र बसले आणि त्यातून झालेलं मंदिर दुसरीकडे कुठे सापडत नाही.

ठरलेले तोडगे ही कल्पना वास्तुशास्त्रातूनच सॉफ्टवेअरमध्ये गेली आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९७७ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक जाडजूड ग्रंथ काढला. घर, गल्ली, गाव बांधताना पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे तोडगे त्यात नोंदवले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो वाचला आणि आपल्या धंद्यातल्या तोडग्यांची तशीच नोंद करायला घेतली. ती सगळ्यांना मिळून लिहिता यावी म्हणून वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये एक साइट केली. कुणीही यावं, पान बदलावं. तीच जगातली पहिली विकी. विकिपीडिया त्या कल्पनेवर उभा राहिला, आणि २००३ पासून मराठी विकिपीडियासुद्धा. शाळेचा प्रकल्प करताना तुम्ही जे पान उघडता, त्याच्या पूर्वजांत एक बांधकामाचं पुस्तक आहे.

आता माझ्या रोजच्या हत्याराकडे येतो, वर्डप्रेसकडे. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, माझ्या जवळजवळ सगळ्या. तेही मुळात उसनं. फ्रान्सच्या मिशेल वाल्द्रिगीने 'बी टू' नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. २००२ मध्ये तो अचानक दिसेनासा झाला आणि काम थांबलं. त्यावर लिहिणारे लोक अधांतरी. अमेरिकेतला मॅट मलनवेग तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा. जानेवारी २००३ मध्ये त्याने लिहिलं, की आपण हे उचलून पुढे नेऊ या. इंग्लंडमधून माइक लिटलने कळवलं, मी येतो. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

हे चोरी ठरलं नाही, कारण बी टूला जीपीएल हा परवाना होता. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ मध्ये तो लिहिला. त्याचा मथितार्थ असा: वापरा, आत काय आहे ते उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, पण देताना हीच मोकळीक त्यालाही द्या. ड्रुपलला हाच परवाना आहे. म्हणून ड्रुपलवरच्या मराठी साइटना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, आणि मूळ माणूस उद्या बेपत्ता झाला तरी घर कोसळणार नव्हतं.

माझ्या मते फरक इथेच पडतो. सामान उसनं आहे की घरचं यापेक्षा किल्ली कुणाच्या खिशात आहे हे बघावं. जुन्या फॉण्टची किल्ली कंपनीकडे होती, त्या फायली मुक्या झाल्या. जिओसिटीजवर फुकट जागा मिळते म्हणून मराठी लोकांनीही पानं थाटली होती, ती २००९ मध्ये बंद झाली. ऑर्कुटच्या मराठी समूहांत लोकांनी कविता, वाद, पाककृती काय काय लिहिलं. ३० सप्टेंबर २०१४ ला त्याचंही दुकान मिटलं. मनोगतवर २००५ मध्ये कुणी लिहिलेलं मात्र मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे हलवता येईल अशा रूपात आहे. हलवायला माणूस लागतो, सर्व्हरचं भाडं लागतं, ते कुणीतरी भरत राहावं लागतं. पण निदान कुलूप नाही.

मोकळ्या सामानातही धोके असतातच. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने भांडणातून आपला अकरा ओळींचा कोड सार्वजनिक कोठारातून काढून घेतला. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. पण त्या अकरा ओळी इतक्या जणांनी आत कुठेतरी वापरल्या होत्या, की जगभर प्रकल्प अडले. काही तासांत कोठारवाल्यांनी त्या परत ठेवल्या, तेव्हा गाडी सुरू झाली.

आमच्याकडे धोका जास्त घरगुती असतो. विकतची थीम कुठूनतरी फुकट मिळवून बसवतात, तिच्यासोबत कुणीतरी आत पेरलेला कोडही येतो. एका संस्थेची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. संगणकावर ठीक दिसायची, फोनवर उघडली की रमीच्या जाहिरातीवर जायची. सभासद फोन करून विचारत होते, संस्थेने जुगार कधी सुरू केला. सगळं पुसून मूळ जागेवरून सामान आणून पुन्हा बांधावं लागलं. गावातल्या संस्थेची पत गेली की ती साइटपुरती राहत नाही, ठेवी काढायला रांग लागते.

आणि एक आळस आहे, तो तर उघडाच दिसतो. कारखान्याच्या साइटवर सूटबूटातले गोरे लोक हात मिळवतात. रोपवाटिकेच्या पानावर खाली 'लोरेम इप्सम' तसंच राहिलेलं असतं. तो जागा भरण्याचा मजकूर सिसेरोच्या लॅटिन लेखनाचे लचके तोडून बनला आहे. कलमांच्या दरांखाली रोमन तत्त्वज्ञान वाचायला माझी हरकत नाही, पण शेतकऱ्याला फोन नंबर हवा असतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'ल' आणि 'श' यांचं. युनिकोडमध्ये देवनागरी एकच, ती हिंदीची, मराठीची, नेपाळीचीही. 'ल' ला एकच घर. तो कसा काढायचा हे फॉण्ट ठरवतो आणि पुष्कळ फॉण्ट हिंदी वळणाचा, दंड असलेला 'ल' काढतात. मराठी शाळेत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकवतात. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात तीच वळणं धरली. म्हणजे पोर फळ्यावर एक 'ल' बघतं आणि फोनवर दुसरा.

यावर तोडगा आहे आणि तोही तयार. अलीकडच्या काही मोकळ्या फॉण्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. पानाच्या सुरुवातीला 'या पानाची भाषा मराठी' असं सांगणारी खूण घातली, की फॉण्ट आपोआप मराठी वळण काढतो. तयार थीममध्ये तिथे बहुतेकदा इंग्रजीची खूण असते, कारण ती बनवली इंग्रजीसाठी. ती बदलायला अर्धा मिनिट लागतो. मागच्या महिन्यात एका प्राथमिक शाळेच्या साइटवर मी ती बदलली आणि बाईंना पान पुन्हा उघडून बघायला सांगितलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, शाळेच्या नावातला 'ळा' सोडून पुढे गेल्या, 'शाळा' मधल्या 'श' वर थांबल्या. "हा आपला आहे," म्हणाल्या, आणि मग पटसंख्येचा आकडा चुकलाय तो नीट करायला सांगितला.